डॉ. हाफडान माहलर: क्षयरोगाच्या कामातून आल्मा-आटापर्यंत

रानवाट: माहलर 1973 ते 1988 जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक होते. त्याआधी दहा वर्षं भारतात होते, एवढाच उल्लेख सापडतो. इथे नेमकं काय केलं? सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेची हाक देणाऱ्या आल्मा-आटाच्या (तेव्हाचं सोव्हिएत कझाकस्तान) परिषदेशी त्याचा धागा कसा जुळतो? आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात मांडायचं आहे.

काजवा: धागा थेट आहे. 1951 ते 61 ते संघटनेतर्फे इथल्या क्षयरोगाच्या कामात होते, शेवटी बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेशी जोडलेले. तेव्हा भर होता सॅनेटोरियम (क्षयरुग्णांना महिनोन्महिने ठेवायची रुग्णालयं) आणि फिरत्या एक्स-रे गाड्यांवर. 1959 मध्ये मद्रासच्या चाचणीने दाखवलं, की घरी औषध घेऊनही रुग्ण तितकेच बरे होतात. मग तुमकूर जिल्ह्यातली पाहणी, बॅनर्जी आणि अँडरसन या संशोधकांची. थुंकीत जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याचं औषध घेऊन परतले होते! म्हणून 1962 च्या जिल्हा क्षयरोग कार्यक्रमात तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच ठेवली: रेंगाळलेला खोकला असेल तर थुंकी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, एक्स-रे जिल्ह्याच्या ठिकाणी, गोळ्या महिन्याच्या महिन्याला. रुग्ण आला नाही तर आधी पत्र, मग गृहभेट. श्रेय एकट्या माहलरांना देऊ नका, पण वेगळी यंत्रणा उभारण्याऐवजी आहे त्या केंद्रालाच सक्षम करायचं, हा विचार ते पुढे संघटनेच्या मुख्यालयात, जिनिव्हाला घेऊन गेले.

चिंचोळी: प्रशिक्षणात हेही सांगा, की तो कार्यक्रम पुढे अडखळला. गोळ्यांचा पुरवठा तुटायचा, बरं वाटलं की रुग्ण औषध सोडायचे. 1992 च्या आढाव्यात निम्म्याहून कमी रुग्णांनी उपचार पूर्ण केल्याचं दिसलं. आणि थुंकीचा नमुना म्हणून नुसती लाळ आली तर जंतू सहसा हाती लागत नाहीत. सकाळचा, खोल खोकून काढलेला बेडकाच हवा.

काजवा: बरोबर. महासंचालक म्हणून त्यांचे तीन निर्णय घ्या: 1977 ची अत्यावश्यक औषधांची यादी, सप्टेंबर 1978 ची आल्मा-आटा परिषद आणि 1981 ची आईच्या दुधाऐवजी बाळाला द्यायच्या दुधाच्या विक्रीवरची संहिता, जिच्याविरुद्ध एकट्या अमेरिकेने मत दिलं. आल्मा-आटाआधी संघटनेने गावपातळीवरची उदाहरणं गोळा केली होती. त्यात आरोळे डॉक्टर दांपत्याचा जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्पही होता. महाराष्ट्रातल्या आरोग्यसेवकांना सुरुवात तिथूनच करून द्या.

रानवाट: मग क्रम ठरला: जामखेड, तुमकूर, आल्मा-आटा. बेडक्याचा नमुना कसा घ्यायचा, ते प्रात्यक्षिकात घेतो.