गाव वाढतं, पण शाळेचं काय?

‘गाव मोठं झालं की शाळा आपोआप सुधारतात’ असं बरेच जण म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. आमच्या बडोदा संस्थानात शाळा आधी आली. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, मुलींनासुद्धा, आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. तेव्हा ती गावं निव्वळ शेतीवरच होती.

आता पादरा गावाचंच बघा. बडोद्यापासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. माझी आई तिथे शिकवायची, रोज एसटीने जा-ये. भाजी तोडणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. उरलेल्यांच्या बोटांवर भेंडीची खाज, पाटीवर हिरवट डाग. आई कुणावर रागवायची नाही, मधल्या सुट्टीत बसवून राहिलेला धडा पुरा करून घ्यायची.

आज रस्ता रुंद झालाय, आजूबाजूला कारखाने आलेत. सकाळी भाजीचे टेम्पो बडोद्याकडे येतात आणि त्यांच्याच मागोमाग मुलांनी भरलेल्या व्हॅन. ज्याला फी परवडते त्याचं मूल शहरात जातं, शेतमजुराचं गावातच राहतं. पूर्वी दोघं एका बाकावर बसायची. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.