‘ग्रिओ’ला मराठीत काय म्हणावं?

ग्रिओ म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले, पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांगणारे कथेकरी. परवा एका लेखात अशाच एका ग्रिओबद्दल ‘आफ्रिकी भाट सोतिगी कुयाते’ असं वाचलं आणि तो ‘भाट’ तेव्हापासून खुपतोय.

सोतिगींना आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय, नाव ठाऊक नसेल एवढंच. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या महाभारतातले भीष्म ते! १९८५ साली फ्रान्समध्ये आव्हिन्योंजवळच्या दगडखाणीत तो नऊ तासांचा प्रयोग झाला, १९८९ साली त्याचा चित्रपट आला. उंच, शिडशिडीत, काळेसावळे भीष्म. मला आजही भीष्म म्हटलं की तेच दिसतात.

जन्म १९३६, बामाको, माली. पुढचं आयुष्य बुर्किना फासोत, मग पॅरिसमध्ये. तरुणपणी बुर्किना फासोच्या राष्ट्रीय संघातून फुटबॉलही खेळले. २००९ साली ‘लंडन रिव्हर’ या चित्रपटासाठी बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, पुढच्याच वर्षी गेले. पण मूळ ओळख ग्रिओ.

‘ग्रिओ’ हा फ्रेंचांनी रूढ केलेला शब्द, त्याच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. माली आणि आसपासच्या मांदिंग भाषांमधला त्यांचा स्वतःचा शब्द ‘जेली’, आणि जेली म्हणजे रक्तसुद्धा. हे काम शिकून येत नाही, घराण्यातून येतं. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंदियाताचा जेली होता बाला फासेके, आणि कुयाते घराणं आपलं मूळ त्याच्यापर्यंत नेतं. वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या, सोयरिकी जुळवायच्या, भांडणं मिटवायची, वेळ पडली तर राजालाही तोंडावर सुनवायचं. सोतिगींचा मुलगा दानी कुयाते याच्या १९९५च्या ‘केइता’ या चित्रपटात सोतिगी असेच म्हातारे जेली झालेत. शहरातल्या एका शाळकरी पोराच्या घरी येतात ते त्याला त्याच्या नावाचा अर्थ सांगायला.

आपल्या ‘भाट’ला आता ‘भाटगिरी’चा वास लागलाय, खुशमस्करीचा. शाहिराला घराण्याची अट नाही. गोंधळी देवीचा.

प्रतिसाद: मग ‘सूत’ का नको? वंश सांगणारा, राजाजवळ बसणारा, जन्माने ठरणारा. संजय सूत, नैमिषारण्यात महाभारत सांगणारा सौतीही सूतच.

अगदी जवळचा शब्द सुचवलात. भीष्म करणारा माणूस खरं तर सूतांच्या जातकुळीचा, हे तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अडचण एवढीच, की ‘सूत’ म्हटलं की आज आधी दोरा आठवतो, नाहीतर कर्णाला हिणवणारा ‘सूतपुत्र’.

माझं मन ‘हेळवी’कडे ओढ घेतंय. सुगीनंतर दारात येतो, तुमच्या खापरपणजोबांपासूनची नावं घडाघडा म्हणतो, धान्य घेतो. मात्र हेळव्याकडे वहीही असते, जेलीचं सगळं मुखोद्गत. म्हणून लेखात ‘जेली’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘हेळव्यासारखा वंशकथक’ असं जोडावं, असं मला वाटतं.

कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी एक सांगा: तुमच्या घरी हेळवी कुळी ‘सांगतो’ म्हणतात की ‘वाचतो’?