भाव उतरले, तरी आमचं घर का सावरलं नाही?

सातपूरची लेक
२००८ साली मी नववीत होते. बाबा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर, आई चार घरची धुणीभांडी करायची. आधी किराणा महागला. दिवाळीनंतर ऑर्डरी आटल्या, बाबांना आठवड्यातून तीनच दिवस काम. आईनं पहिल्यांदा दूध बंद केलं. मग वरण इतकं पातळ झालं की ताटलीचा तळ दिसायचा. ती सगळ्यात शेवटी जेवायची. डब्यात चपाती उरली नाही की "भूक नाही गं" म्हणायची. डोरलं गहाण पडलं, दादाची शाळा सुटली. पुढे काम सुरळीत झालं, पण डोरलं आलं नाही आणि दादा शाळेत गेला नाही. अमेरिकेतली बँक बुडाली त्याचा आमच्या दुधाशी काय संबंध?

जुना सभासद
आहे, ताई. तुमच्या घरावर लागोपाठ दोन घाव बसले. २००७-०८ मध्ये खनिज तेल महागलं, अमेरिकेत मका इथेनॉल या इंधनाकडे वळला, भारत-व्हिएतनामनं तांदळाची निर्यात रोखली. जगाच्या बाजारात तांदूळ काही महिन्यांत दुपटीहून महाग झाला. कॅरिबियनमधल्या हैती देशात तर तांदूळ बहुतेक आयातीचाच. एप्रिल २००८ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तिथल्या पंतप्रधानांना पद सोडावं लागलं. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स, तुम्ही म्हणता ती अमेरिकेतली बँक, बुडाली, परदेशातली मागणी आटली, त्याची झळ आपल्या कारखान्यांपर्यंत आली. निम्म्याहून जास्त कमाई पोटावरच जाते त्या घरात तोवर शिल्लक काय उरणार? आणि भाव उतरले म्हणून गहाणाचं व्याज थांबत नाही.

निफाडकर
महागाईत शेतकऱ्याची चांदी होते असं म्हणतात, त्याचा राग येतो. दीड एकरवाला कांदा विकतो, पण गहू-तेल विकतच आणतो. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावला भाव पडले. तेलाचा डबा काही आमच्यासाठी स्वस्त झाला नाही.

सातपूरची लेक
धन्यवाद दोघांना. विचारलं कारण आमच्या गल्लीत सुरगाण्याहून एक कुटुंब आलंय, बांधकामावर. त्या बाईनं परवा दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं. माझ्या पोटात धस्स झालं. त्यांचं रेशनकार्ड गावाकडचं आहे.

जुना सभासद
कार्ड अन्नसुरक्षेतलं असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर नाशिकच्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. माणशी पाच किलो, २०२३ पासून फुकट. डाळ-दूध त्यात नाही, ते आपण शेजाऱ्यांनीच बघायचं.

सातपूरची लेक
उद्या सकाळी कामावर जायच्या आत तिला दुकानात घेऊन जाते. दुधाचं मी दूधवाल्याशी बोलते.