कंत्राटात ‘सुरक्षा कायदा’ या शब्दाची व्याख्या कशी करावी?

प्रश्न (खरेदी विभाग, चाकण)
आमच्या कारखान्यातील देखभालीच्या कंत्राटाचा जुना मसुदा ‘सुरक्षा कायदा म्हणजे कारखाने अधिनियम, १९४८ आणि महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३’ एवढ्यावरच थांबतो. कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यामुळे ही व्याख्या निरर्थक ठरते का? नव्या मसुद्यात ‘सर्व लागू कायदे, मानके, मार्गदर्शक सूचना व उत्तम प्रथा’ असे लिहिले, तर त्याला कंत्राटदाराची हरकत आहे.

उत्तर (वकील)
निरर्थक ठरत नाही. एखादा केंद्रीय कायदा रद्द करून त्यातील तरतुदी नव्या कायद्यात पुन्हा आणल्या, तर दस्तऐवजातील जुन्या तरतुदींचा उल्लेख नव्या तरतुदींना लागू समजावा, असे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम ८ सांगते. मात्र दस्तऐवजातून वेगळा हेतू दिसत असेल तर नाही, आणि वादाचे मूळ नेमके तिथेच असते. शिवाय नवी तरतूद फेरबदलांसह येते. सुरक्षा अधिकारी नेमण्याची कामगारसंख्येची मर्यादा जुन्या कलम ४०-ख मध्ये १,००० होती. संहितेत ती कारखान्यासाठी ५००, तर धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० आहे. म्हणजे कंत्राटातला शब्द तोच राहून दायित्व बदलते. म्हणून ‘कामाच्या ठिकाणी त्या त्या वेळी अमलात असलेला, सुधारित किंवा पुन्हा अधिनियमित झालेला कायदा व त्याखालील नियम’ असे लिहून संहितेचे नाव ‘यांसह’ या शब्दाने जोडावे. ‘म्हणजे’ लिहिले की यादी बंद होते.

उत्तर (सुरक्षा अधिकारी)
कंत्राटदाराची हरकत मला रास्त वाटते. ‘उत्तम प्रथा’ कोणाची आणि ती ठरवणार कोण? भारतीय मानकेही कायद्याने किंवा कराराने बंधनकारक केल्याशिवाय सहसा ऐच्छिकच असतात. जी मानके हवी आहेत, ती क्रमांक व वर्षासह परिशिष्टात द्यावीत. कामाचा परवाना, उंचीवरील काम, वीजपुरवठा तोडून कुलूप लावणे हे आपले आवारनियम आहेत. त्यांना व्याख्येत ‘कायदा’ म्हटले, तर हेल्मेटचा पट्टा न बांधणे हाही कायदाभंग ठरून करार संपुष्टात आणण्याचे कारण बनेल, जे कोणालाच अभिप्रेत नसते.

उत्तर (कंत्राटदार, तळेगाव)
व्याख्या बदलत्या कायद्याबरोबर चालणार असेल, तर वाढीव खर्चाचे कलमही तिच्याबरोबर यायला हवे. संहितेने कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची जबाबदारी नियोक्त्यावर टाकली आहे. निविदेच्या दरात ती धरलेली नसेल, तर तो भार कोणी उचलायचा, हे आधीच लिहिलेले बरे. नुकसानभरपाईचे कलम कितीही कडक केले, तरी ते तुमच्या-आमच्यातले आहे. मुख्य मालकाचे, म्हणजे कंत्राटदाराकडून काम करून घेणाऱ्या कारखान्याचे, कायदेशीर दायित्व त्यामुळे संपत नाही. कंत्राटी कामगारांच्या कल्याण सुविधा तर संहितेने थेट मुख्य मालकाकडेच सोपवल्या आहेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ‘उत्तम प्रथा’ काढून टाकतो आणि आवारनियम परिशिष्टात नेतो. दरवाढीचे कलम मात्र आमच्या लेखा विभागाला पटवावे लागेल, आणि तो या मसुद्याहून अवघड भाग आहे.