मदत हवी आहे: 'ग्राउंड'ला मराठी शब्द काय?

घाईत_सोलापूरकर: नेमका शब्द सांगा. उद्या सकाळी छापायला द्यायचंय. मोबाइल 'जमीन' म्हणतोय, ते बसत नाही. लवकर!

वकीलकाका: वाक्य टाका आधी. आमच्याकडे ग्राउंड म्हणजे कारण. जामीन कुठल्या ग्राउंडवर मागताय, असं.

सातरस्ता_वायरमन: अर्थिंग लिहा. अमेरिकेच्या मालावर ग्राउंड असतं, आपल्याकडे अर्थ. हिरवी वायर, प्लगची लांब जाड पिन, तीच. आणि खड्ड्यात मीठ-कोळसा घातला म्हणजे झालं नाही, उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं. सोलापुरात एप्रिलला माती खडखडीत असते, अर्थिंग कसलं मिळतंय.

बाळीवेसकर: मैदान लिहा की. गड्डा यात्रेचं होम मैदान आमच्यासाठी ग्राउंडच. लहानपणी तिथं पाळण्यात बसून...

घाईत_सोलापूरकर: मैदान नाही, कोर्ट नाही, वायर नाही! खायची वस्तू आहे. पाकिटावर 'ग्राउंड ग्राउंडनट' असं आहे.

वकीलकाका: हे पहिल्या ओळीत सांगायला काय झालं होतं?

पूर्वभाग: दोन्ही ग्राउंड वेगळे आहेत बे. पहिला 'ग्राइंड'चं रूप, म्हणजे दळलेला. दुसरा जमीन, आपल्या भुईमुगातली भुई. मूळ वेगळं, स्पेलिंग तेवढं एक. आमच्या तेलुगूत वेरुशनगा, म्हणजे मुळाचा हरभरा.

कोरडवाहू: शेंग मुळाला लागतच नाही. फूल वर येतं, त्यातून निघालेल्या आऱ्या, म्हणजे बारीक दांडे, खाली मातीत घुसतात, मग शेंग धरते. त्या नीट घुसाव्यात म्हणून आम्ही पिकावरून रिकामा ड्रम फिरवतो.

घाईत_सोलापूरकर: ड्रम राहू द्या. 'दळलेले शेंगदाणे' लिहू का?

चटणीवाली_मावशी: चटणी आहे का रे? मग दळलेले लिहू नकोस, कोण घेणार नाही. शेंगाचटणी कुटतात. कुटली की तेल सुटतं. मिक्सरला लावली की एकतर पीठ, नाहीतर लगदा.

सातरस्ता_वायरमन: थांबून थांबून फिरवली तर मिक्सरची पण बरी होते, मावशी.

चटणीवाली_मावशी: तू वायरी जोड.

घाईत_सोलापूरकर: चटणीच आहे. मालकाला फोन केला, डंकावर, म्हणजे कुटायच्या मशीनवर, कुटलेली आहे म्हणाले. 'कुटलेल्या शेंगदाण्यांची' असं टाकतो. धन्यवाद मावशी.

सातरस्ता_वायरमन: डंकाच्या मोटारीला अर्थिंग केलंय का, तेवढं विचारा.