'यिरा' : परमेश्वराचं भय म्हणजे नक्की काय?

मराठी बायबलमध्ये 'परमेश्वराचे भय' सारखं येतं आणि बऱ्याच जणांना ते खटकतं, देवाला भ्यायचं कशाला म्हणून. मूळ हिब्रूत तिथे 'यिरा' आहे. काही जण सांगतात की यिरा म्हणजे नुसता आदर, भीती अजिबात नाही, ते मला पटत नाही कारण साध्या घाबरण्यालाही हाच धातू आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकात २०:२० बघा, सिनाय डोंगरावरचा गडगडाट ऐकून इस्राएली लोक थरथरतायत, त्यांचा पुढारी मोशे म्हणतो भिऊ नका, आणि त्याच दमात म्हणतो की देवाचं भय तुमच्यापुढे राहावं म्हणजे तुम्ही पाप करणार नाही. दोन्हीकडे धातू एकच! पळ काढायला लावणारी भीती नको, वाईटापासून हात आवरणारी हवी.

लेवीय १९:३ मध्ये आईबापासाठीही हेच क्रियापद आहे, त्यातही आई आधी. म्हणून मला 'धाक' जवळचा वाटतो, पण धाकात प्रेम असतंच असं नाही, आणि 'अनुवाद' या पुस्तकात १०:१२ मध्ये भय धर, त्याच्या मार्गाने चाल, प्रेम कर, पूर्ण मनाने सेवा कर हे सगळं एकत्रच मागितलंय.

सगळ्यात बोलकं उदाहरण शिफ्रा आणि पुआ या सुइणींचं. फारोचा, म्हणजे इजिप्तच्या राजाचा, हुकूम होता की इब्री (इस्राएली) बायकांना मुलगा झाला की मारून टाका, पण या दोघी देवाचं भय बाळगणाऱ्या, त्यांनी एकही मारला नाही. खरी यिरा असली की राजालाही नाही म्हणता येतं.

> आणि आज्ञापालनाला कुठला शब्द?

'शमा', म्हणजे ऐकणे. आपण "पोरगं ऐकत नाही" म्हणतो तेव्हा कानांची तक्रार नसते ना, अगदी तसंच. 'शेमा इस्राएल' (हे इस्राएला, ऐक) ही यहुद्यांची रोजची प्रार्थना यातलीच, आणि कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी बाकीचं हिब्रू विसरले तरी त्यांनी शेमा जपली असं त्यांची परंपरा सांगते. शलमोन राजानेही देवाकडे 'लेव शोमेआ' मागितलं, ऐकणारं मन. लेव म्हणजे हृदय खरं, पण विचार आणि निर्णयही तिथेच होतात, त्यामुळे मराठीत 'मन'च जास्त बसतं.

> मग रोज पाठ म्हटलं की झालं?

नाही, यशया २९:१३ त्यावरच आहे. देव म्हणतो, हे लोक ओठांनी माझा मान राखतात पण त्यांचं मन माझ्यापासून लांब आहे, त्यांची यिरा म्हणजे माणसांनी घोकून घेतलेली आज्ञा. तिथेही शब्द यिराच आहे, फक्त आतून रिकामी झालेली.