‘छातीत पू होणे’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : न्यूमोनियाच्या गुंतागुंतींविषयीच्या मराठी लेखनात ‘एम्पायमा’ आणि ‘लंग अ‍ॅब्सेस’ या दोहोंसाठी ‘छातीत पू होणे’ असे सर्रास लिहिलेले आढळते. ते योग्य आहे का? ‘फिस्टुला’ला (दोन पोकळ्यांना जोडणाऱ्या विकृत वाटेला) ‘भगंदर’ म्हणावे का?

उत्तर १ : बोलण्यात ठीक आहे, पण लेखनात हे दोन विकार वेगळे ठेवावेत, कारण पू कोठे साचला आहे यावरच उपचार ठरतात. फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणाला परिफुप्फुस म्हणतात. त्या दोन पदरांमधील पोकळीत पू साचला तर तो एम्पायमा, आणि खुद्द फुप्फुसाच्या ऊती नष्ट होऊन तेथे पुवाची पोकळी झाली तर ते फुप्फुसातील गळू. एम्पायमात नुसत्या प्रतिजैविकांवर सहसा भागत नाही, बरगड्यांमधून नळी घालावी लागते. पुवात जाळी धरून कप्पे झाले की तीही तुंबते. अशा वेळी फायब्रिन (या जाळीतील प्रथिन) विरघळवणारे औषध आणि पुवातील डीएनए तोडणारे विकर (एन्झाइम) नळीवाटे आत सोडतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या जोडीचा उपयोग दिसला, एकेकट्या औषधाचा मात्र दिसला नाही. एवढ्यानेही न भागल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करतात. गळू बहुधा श्वासनलिकेत फुटते, पू खोकल्यावाटे पडतो आणि काही आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी पोकळी भरून येते. तेथे बाहेरून नळी घातल्यास पू परिफुप्फुसात सांडण्याचा धोका असल्यामुळे तो उपाय सहसा मागाहून येतो. ‘विद्रधी’ हा शब्द अचूक आहे खरा, पण ‘गळू’ कोणालाही कळते.

उत्तर २ : ‘नेक्रोटायझिंग न्यूमोनिया’साठी ‘फुप्फुस सडणे’ असेही छापलेले वाचले आहे, ते टाळावे. रक्तपुरवठा तुटून फुप्फुसाचा भाग मृत होतो हे खरे असले, तरी मुलांमध्ये असे फुप्फुस पुष्कळदा आश्चर्यकारकरीत्या पूर्ववत होते, आणि नातेवाइकांना त्या शब्दाने उगाच धडकी भरते. ‘ऊतिनाशक न्यूमोनिया’ पुरे. ‘भगंदर’ तर मुळीच नको, तो गुदद्वाराजवळचा विकार आहे. ‘नाडीव्रण’ हा जुना शब्द त्याहून बरा, परंतु न्यूमोनियातील फिस्टुलात श्वासनलिका थेट परिफुप्फुसाच्या पोकळीत उघडलेली असते आणि नळीला जोडलेल्या बाटलीतील पाण्यात हवेचे बुडबुडे येतच राहतात. म्हणून मी ‘श्वासनलिका-परिफुप्फुस छिद्र’ असेच लिहितो.